उसाड्याचा डावा पाय

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या बहिणीचं, महानंदाअक्काचं नाव घेतो. आई-अप्पांनी वाढवलं, शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं, वसतिगृहात परक्या लोकांनी आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. ते सगळं मी विसरलेलो नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्या पदवीत अनेकांचा वाटा आहे. पण ज्या कामावर आज माझं घर चालतं, म्हणजे मोबाइलवरच्या खेळांमधले प्राणी चौकोनाला चौकोन जोडून काढण्याचं काम, ते मला अक्कानं शिकवलं. तिनं उभ्या जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिच्या हाती सुई होती आणि समोर दोसुतीचं कापड.

केजला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीला लागूनच घर. मधे एकच दार, त्यावर जाड पडदा. पडद्याच्या त्या बाजूला गूळ, साबण आणि रॉकेलचा वास, या बाजूला भाकरीचा. अप्पा सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून दुकानात बसत, ते दुपारी जेवायलाच आत येत. दिवसभर स्टँडवरून जीपवाल्यांच्या हाळ्या ऐकू यायच्या, "आंबाजोगाई, आंबाजोगाई, चला, एकच शीट!" ती एक सीट कधीच भरायची नाही. जीपमध्ये माणसं मावेनाशी झाली तरी ओरडणं चालूच. आई भाकऱ्या थापता थापता हसायची आणि म्हणायची, "त्याची एक शीट रावणाच्या तोंडावानी हाय, भरली की दुसरी उगवती."

मागच्या ओसरीवर अक्का बसायची. दहावीनंतर तिची शाळा थांबली होती आणि तिचं रुखवत सुरू झालं होतं. ज्यांना आता हे सांगावं लागतं त्यांच्यासाठी सांगतो: लग्नात नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडवात ओळीनं मांडतात, त्याला रुखवत म्हणतात, आणि नवऱ्याकडच्या बायका ते निरखून बघतात. पोरीचे हात कसे आहेत, ते त्यावरून ठरतं. अक्काचं सगळं रुखवत दोसुतीवरच्या फुलीच्या टाक्याचं होतं. दोसुतीच्या कापडात उभ्या-आडव्या धाग्यांची बारीक घरं असतात. एका घरात एक फुली, शेजारच्या घरात दुसरी, असं करत करत पोपट होतो, हंस होतो, 'सुस्वागतम्' होतं. उजेड ओसरीवरून सरकला की अक्काही सरकायची. सकाळी ती तुळशीच्या बाजूला असायची आणि दिवस कलताना न्हाणीच्या दाराशी पोचलेली असायची. तिला शोधायचं असेल तर ऊन कुठं आहे ते बघायचं.

माझं काम सुया ओवण्याचं. शाळेतून आलो की दप्तर टाकायच्या आत ती म्हणायची, "सोमू, ओव बरं." मग मी लाल, हिरवा, पिवळा अशा रंगारंगाच्या दोऱ्यांच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो आणि ती माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. अक्काला सुई ओवता येत नाही ही गोष्ट आमच्या घरात, मला कारलं आवडत नाही, इतकी साधी होती. त्यामागे काय असेल याचा कुणी विचार केला नाही.

त्याच सुमारास गल्लीत टीव्हीचा गेम आला. माझा मित्र सलीम, त्याच्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मामानं सौदीहून एक डबा आणला. तो टीव्हीला जोडला की पडद्यावर एक बुटका माणूस जंगलातून पळायचा आणि समोरून चित्रविचित्र जनावरं यायची. सलीमच्या मोठ्या भावांच्या हातून खेळायचं बटण आमच्या हाती कधी यायचंच नाही. आम्ही मागे उभं राहून बघायचो. बघता बघता एक दिवस सलीम म्हणाला, "ही जनावरं कुणी तरी काढलीच असतील ना बे? आपन आपली काढू." पडद्याजवळ नाक नेलं की ती जनावरं चौकोनाचौकोनांची दिसतात, हे आम्हाला माहीत होतं. मग आम्ही ग्राफपेपर आणला, स्केचपेन घेतले, आणि साबणाच्या खोक्याला खिडकी कापून त्याचा टीव्ही केला. खिडकीमागून कागदी जनावरं सरकवायची आणि सलीमनं तोंडानं आवाज काढायचे. तो आवाज फार हुबेहूब काढायचा. दुकानात गिऱ्हाईक असलं की अप्पा पडद्याआडून ओरडायचे, "ए, तो टीव्ही बारीक करा!"

माझं पहिलं मोठं जनावर म्हणजे उसाड्या. आमच्या रस्त्यानं हंगामात उसाच्या बैलगाड्या जायच्या. चाकांपेक्षा उंच मोळ्या, वर पाचट, त्यावर बसलेली पोरं. त्या गाड्या बघून मला वाटलं की ऊसच उठून चालायला लागला तर? मी एक जांभळा राक्षस काढला. पेराचे हात, पेराचे पाय, डोक्यावर पात्यांच्या तलवारी, तोंडभर दात, अंगभर काळी रेघ. दोन दिवस मी त्यावर घातले. सलीमनं तो बघितला आणि म्हणाला, "वांगं हाय का बे? वांग्याला दात कावून काढले?"

मी तोंड पाडून ओसरीवर आलो. अक्कानं हात पुढे केला, "आण हिकडं." तिनं कागद आधी नाकाशी धरला. मग हात लांब करून धरला आणि डोळे अगदी बारीक केले, पापण्या जवळजवळ मिटल्या.

"लई गर्दी झाली रे," ती म्हणाली. "एवढे दात कशाला? आन् ही काळी रेघ सगळीकडून घातली, तर ह्याला तारेच्या कुंपनात कोंडल्यावानी झालंय. जांभळ्याची कड जांभळ्यानंच कर, गडद जांभळ्यानं."

"राक्षस हाय तो."

"असू दे की. राक्षस असला तरी तो कुठं निघालाय ते कळलं पायजे का न्हाई? ह्याच्या दोन पायात फट न्हाई. चालंल कसा?"

त्या दिवशी तिनं नव्या कागदावर उसाड्याचे पाय सुटे केले. दात काढून टाकले. पाठीची कड मी कशीही वर-खाली नेली होती. तिनं ती उतरंडीसारखी लावली, खाली मोठं, वर लहान, त्याच्यावर आणखी लहान, मधेच उडी नाही. मग पात्यांच्या तलवारी गाळल्या आणि त्याच्या पाठीवर उसाचीच एक मोळी दिली. डोळा सगळ्यात शेवटी. एका घराचा काळा चौकोन होता, तो तिनं एक घर खाली आणला, बस. आणि माझा राक्षस एकाएकी कुणीतरी झाला. थकलेला, घराकडं निघालेला, पण वाटेत आडवं याल तर खबरदार. सलीम त्याच्याकडं बघता बघता आवाज काढायचा विसरला.

पुढं दीडेक वर्ष आमचं हे चाललं. मी सुया ओवायचो आणि ती माझी जनावरं सुधारायची. जीपोबा नावाचं एक होतं, त्याला माणसं लोंबकळायची. पाण्याच्या टाकीत राहणारा, बारीक गळ्याचा नळोबा होता. दर वेळी अक्का कागद लांब धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "असं बघ. बारीक-सारीक सगळं निघून जातं आन् खरं तेवढं ऱ्हातं." मीही तसंच करायला लागलो. आज माझ्या हाताखालची मुलं चित्र मोठं मोठं करून एकेक चौकोन घासत बसतात, तेव्हा मी त्यांना खुर्ची मागे घ्यायला लावतो आणि डोळे बारीक करायला सांगतो. त्यांना ही फार चांगली युक्ती वाटते, आणि ती तशी आहेच. पण अक्काची ती युक्ती नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तिला खरोखरच तेवढंच दिसत होतं.

खुणा नव्हत्या असं नाही. संध्याकाळी बल्ब लागला की ती म्हणायची, "दिव्याभोवती कसं रंगीत कंकन दिसतंय!" आणि आम्ही सगळे वर बघायचो. कंकण काही दिसायचं नाही. तिचं कपाळ दुखायचं, मग आई सुंठ उगाळून लावायची. एकदा जेवताना तिनं विषय काढला. त्या दिवशी धपाटे होते, अप्पांना आवडायचे म्हणून ते खुशीत होते. अक्का म्हणाली, "अप्पा, एकदा आंबाजोगाईला जाऊन डोळे दाखवून यावं का?"

अप्पांनी आईकडं बघितलं. आई तव्यावरचा धपाटा उलटत म्हणाली, "आता? पाव्हने यायलेत बघायला. डोळ्याच्या डॉक्टरकडं गेली म्हनल्यावर गावभर होईल. चष्म्याच्या पोरीला कोन करतंय? एकदा अक्षता पडू दे, मग तुझा नवरा सोन्याच्या काड्यांचा चष्मा करंल."

"सोन्याच्या काड्या कानाला जड होतील," अक्का म्हणाली. सगळे हसले, तीही हसली. अप्पांनी दही मागितलं. विषय तिथं संपला.

मी हे लिहिताना आईला दोषी धरत नाही, वाचणाऱ्यानंही धरू नये. आईच्या मावशीची एक लेक डोळ्यावरून तीन ठिकाणी नाकारली गेली होती आणि भावाच्या घरी भांडी घासत म्हातारी झाली होती. आईनं ते लहानपणापासून बघितलेलं. तिला अक्काला त्यातून वाचवायचं होतं.

पाहुणे चकलांब्याहून आले. मुलाचं गावात कापडदुकान, थोडी शेती, माणसं चांगली. आदल्या दिवशी आईनं मला बसवून रंगारंगाच्या सुया ओवून घेतल्या आणि अक्काच्या चालू कामात टोचून ठेवल्या. मला वाटलं, घर आवरतात तसं हेही. चहा-पोहे झाले. मुलाच्या आईनं, गोऱ्या, ठेंगण्या बाई होत्या त्या, अक्काचं भरतकाम मांडीवर घेतलं, मागून-पुढून बघितलं. फुलीच्या टाक्याचं काम मागूनही स्वच्छ असावं लागतं. मग त्या म्हणाल्या, "काम तर लई निगुतीचं हाय. बस गं, चार टाके घालून दाखव, माझ्या सुनेचा हात बघू दे मला."

अक्का बसली. तिनं कापडावरून बोटं फिरवली, हिरव्या दोऱ्याची सुई काढली आणि टाके घालू लागली. मान खाली, हात सरसर. ती डोळ्यांनी घरं मोजत नव्हती, डाव्या हाताच्या बोटानं मोजत होती. पण ते कुणाला कळणार? खाली घातलेली मान सगळ्यांना अदबीची वाटली. "सुई बघा कशी पळायलीय," बाई म्हणाल्या, आणि 'सुनेचा' म्हटलंच होतं, ते पक्कं झालं. आईनं देवासमोर साखर ठेवली. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी सलीमला जाऊन सांगितलं, आमच्या अक्काला एका बैठकीत पसंत केलं.

लग्नात रुखवत मांडलं. पोपट, हंस, कलश, आणि त्यांच्या मधोमध, आईला न सांगता आणलेली एक चौकट. तिच्यात उसाड्या. पाठीवर मोळी, पायात फट, घराकडं निघालेला. अक्कानं तो कधी भरला, मलाही माहीत नव्हतं. चकलांब्याच्या बायका गोळा झाल्या.

"हे काय गं? माकड?"

"माकड कुठं, हमाल हाय. पोतं घेतलंय बघ."

"आगं बया, हमालाला कुनी रुखवतात ठिवतं का?"

आईचा चेहरा पडला. तेवढ्यात नवरदेव, आमचे दाजी, बाशिंग सावरत आले, वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्ये कोन?"

"उसाड्या," अक्का हळूच म्हणाली. "आमच्या सोमूचा हाय."

"मग चलू द्या की आपल्या संगं," दाजी म्हणाले. "वाटंत मोळी उतरून देऊ त्याची." बायका हसल्या, प्रसंग निभावला. जीप निघाली तेव्हा अक्काच्या मांडीवर ती चौकट होती. जाताना तिनं माझ्या हातात उरलेली दोसुती कोंबली. ओसरीवर दुसऱ्या दिवशी ऊन तुळशीपासून न्हाणीपर्यंत गेलं आणि त्यात कुणी बसलेलं नव्हतं.

नव्या सुनेनं आल्या आल्या डोळ्याचं गाऱ्हाणं कसं सांगायचं, म्हणून पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी तिची लेक गौरी पोटात होती. डोळ्यांपुढे धूर येतो, तो अशक्तपणा आहे, असं सगळ्यांनी ठरवलं. गौरीच्या बाळंतपणाला अक्का माहेरी आली, तेव्हा मी माझं एक नवं जनावर दाखवायला तिच्यापुढे धरलं. तिनं कागद लांब धरला नाही, जवळही धरला नाही. त्यावर तळहात फिरवला आणि म्हणाली, "स्केचपेनचं काही लागत न्हाई रे हाताला." आई दारात परात घेऊन उभी होती. परातीतलं पीठ सांडलं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. भले गृहस्थ होते, रागावले नाहीत. गेलेली नजर परत येत नाही, एवढंच म्हणाले. आधी आणलं असतं तर होती तेवढी थेंबांवर राखता आली असती. दाजींनी पुढं बरंच केलं, जिथं जिथं कुणी सांगितलं तिथं तिला नेलं. अक्का एका शब्दानं कुणाला बोलली नाही. परतीच्या एसटीत आई माझ्या शेजारी होती. गेवराई सोडल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, मी तिला वाचिवलं." त्यानंतर आईनं हाती सुई धरली नाही. अप्पांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी ते माझ्याकडं यायचं.

मी शिकलो. गुरुजींनी फॉर्म भरून दिला, वसतिगृह मिळालं, पुढं पुण्याला कॉलेजात कॉम्प्युटर समोर आला. त्यातलं चित्राचं पान पहिल्यांदा मोठं करून बघितलं तर आत दोसुतीसारखी घरं. मला तिथंच रडू आलं. शेजारच्या मुलाला वाटलं, मशीन बिघडलं म्हणून मी घाबरलो.

पहिली नोकरी लागली ती खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत. त्या महिन्यात अक्कानं दिलेली दोसुती मी ट्रंकेतून काढली आणि रविवारच्या रविवारी बसून उसाड्या भरला. स्वतः ओवलेल्या सुईनं, स्वतःच्या हातानं, भरतकाम असं पहिल्यांदाच. तो पत्रासोबत चकलांब्याला पाठवला. पत्राचं उत्तर आलं नाही. गौरी लहान होती, आणि दाजींना लिहायला सांगणं अक्काला जमलं नसावं. भेटल्यावर अक्का म्हणाली, "मिळालं रे," आणि गौरीला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मीही पुढं विचारलं नाही.

गेल्या वर्षी अक्का गेली. साधा ताप, चारच दिवस. दिवसकार्य झाल्यावर गौरीनं, ती आता शिक्षिका आहे, अक्काच्या उशाखालचं ते कापड आणि पत्र मला आणून दिलं. कापडाचा रंग बोटांनी फिका झाला होता. उसाड्या होता तसाच, पाठीवर मोळी घेऊन. फक्त डाव्या पायाजवळ एक घर रिकामं होतं. मला वाटलं, झिजून दोरा गेला असेल. उलटं करून बघितलं. दोरा तुटलेला नव्हता, सुईनं अलगद उसवून, मागच्या बाजूला नीट आत दडपला होता. मी कापड लांब धरलं आणि डोळे बारीक केले. दोन पायांत फट आली होती.

पत्र असं होतं:

तीर्थरूप सौ. अक्कास,

सोमूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र गौरी वाचत असेल. गौरी, जोडाक्षर अडलं तर सोडून दे, आईला अंदाजानं कळेल.

अक्का, मला नोकरी लागली. काम काय आहे ते अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, पगार देतात ना, मग बरं. तुला मात्र सांगितलं की कळेल. दिवसभर घरं भरायची. एका घरात एक रंग. इथं सगळे पदवीधर आहेत, मीही आहे, पण पहिल्या दिवशी साहेबांनी माझं चित्र बघून विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, केजला, ओसरीवर.

पाकिटात उसाड्या आहे. मीच भरलाय. सुई ओवताना तुझी लई आठवण आली. स्केचपेनचं हाताला लागत नाही म्हणाली होतीस, म्हणून दोऱ्याचा केला. रंग तुझेच, कड गडद जांभळी, काळी नाही. दात नाहीत. पाठ उतरंडीसारखी लावलीय, पण मोळीपाशी माझा जरा गोंधळ झाला. मागून बघू नकोस, मागं सगळ्या गाठी आहेत.

दाजींना नमस्कार सांग. म्हणावं, मोळी अजून उतरली नाही.

अक्का, निवांत बसून त्याच्यावर बोट फिरव. कुठं गर्दी झाली असेल तर सांग. आणि तो चालतो का, तेवढं बघ.

तुझा,
सोमू